झाड तुटले तर बुरशीही जाते

बुरशी म्हटले की आपल्याला आठवतो तो पावसाळ्यात शिळ्या भाकरीवर चढणारा हिरवट थर, नाहीतर सोयाबीन-कपाशीवरचा रोग. पण दिग्रसहून पुसद किंवा दारव्ह्याकडे जाताना रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एखाद्या निरोगी कडुनिंबाचे टवटवीत पान घ्या. त्या पानाच्या आतही बुरशी राहत असते. ती पान सडवत नाही, डाग पाडत नाही. झाड तिला अन्न-निवारा देते आणि अनेकदा तीही झाडाला किडी-रोगांपासून वाचवायला मदत करते. शास्त्रज्ञ अशा अंतर्वासी जीवांना एंडोफाइट म्हणतात. वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठातील संशोधकांनी कडुनिंबाची साल, पाने आणि खोड तपासून अशा अनेक बुरशी वेगळ्या केल्या आहेत. म्हैसूरच्या संशोधकांनी हेच काम अर्जुन वृक्षावर केले.

या बुरशीचा आरोग्याशी काय संबंध? तो कळण्यासाठी आपल्याच राज्यातल्या एका माणसाची गोष्ट पाहावी लागेल. १९२५ मध्ये नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी मुंबई विद्यापीठात शिकून पुढे अमेरिकेत गेले. तेथे मन्रो वॉल यांच्यासोबत त्यांनी वनस्पतींतून कर्करोगावरची दोन मोठी द्रव्ये शोधली. १९६६ मध्ये एका चिनी वृक्षातून कॅम्पटोथेसिन आणि १९७१ मध्ये पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून टॅक्सॉल. कॅम्पटोथेसिनपासून पुढे आयरिनोटेकान आणि टोपोटेकान ही औषधे तयार झाली. मोठ्या आतड्याच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाच्या रुग्णांना ती आज दिली जातात.

हेच कॅम्पटोथेसिन आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या छोट्या झाडातही भरपूर सापडते. ते कळले आणि नरक्यावर संक्रांत आली. १९९० च्या दशकात हे झाड मोठ्या प्रमाणावर तुटून परदेशी गेले. नरक्याचे लाकूड पकडल्याच्या बातम्या कोकणातून अजूनही अधूनमधून येतात. रुग्णाला औषध हवे आणि त्यासाठी जंगलातले झाडच मुळापासून जाते, असा हा पेच आहे.

या पेचातून वाट दाखवली ती बुरशीने. १९९३ मध्ये अमेरिकेतील मोंटाना येथील संशोधकांनी यू झाडाच्या सालीत राहणारी एक बुरशी टॅक्सॉल तयार करते, असे जाहीर केले. २००५ मध्ये जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेने आपल्या नरक्यातूनच कॅम्पटोथेसिन तयार करणारी बुरशी वेगळी केल्याचे प्रसिद्ध केले. बुरशी टाकीत वाढवता येते, तिला वर्षानुवर्षे वाढू द्यावे लागत नाही आणि तिच्यासाठी झाड तोडावे लागत नाही. पेनिसिलिन आपल्याला असेच मिळाले.

मात्र इथे उत्साहाला थोडा लगाम हवा. यू झाडावरच्या त्या बुरशीतून मिळालेले टॅक्सॉल एका लिटरमागे ग्रॅमच्या अब्जांश भागांत मोजावे लागे. पुढे २०१३ मध्ये तिची जनुके तपासणाऱ्या शास्त्रज्ञांना टॅक्सॉल बनवण्याची यंत्रणाच तिच्यात आढळली नाही. कॅम्पटोथेसिन करणाऱ्या एका बुरशीचे तर असे दिसले की झाडापासून दूर, प्रयोगशाळेत पिढ्यामागून पिढ्या वाढवत गेले की तिचे उत्पादन घटत जाते. ते द्रव्य पूर्ण करण्यासाठी लागणारा एक दुवा झाडाकडेच असतो, असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष होता. थोडक्यात, माहेर सुटले की बुरशी आपला गुण विसरते.

आमच्या मते या सगळ्या संशोधनाचा खरा धडा हाच आहे. बुरशी मिळाली म्हणून झाड नको, असे होत नाही. एकाच जातीच्या दोन झाडांतल्या बुरशीही सारख्या नसतात. माती, पाऊस, ऊन, झाडाचे वय यांप्रमाणे त्या बदलतात. म्हणजे अरुणावतीच्या काठावरचा अर्जुन तुटला, तर केवळ एक झाड जात नाही. त्याच्या सालीत राहणारे आणि कदाचित दुसरीकडे कुठेही नसलेले जीवही जातात. रस्तारुंदीकरणात जुना कडुनिंब पाडून त्याजागी दहा रोपे लावली, तरी तो हिशेब पुरा होत नाही.

कायदा याबाबत आपल्या बाजूने आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यात वनस्पती आणि प्राण्यांबरोबर सूक्ष्मजीवही धरले आहेत. प्रत्येक ग्रामपंचायत आणि नगरपरिषदेने जैवविविधता समिती नेमून लोकांची नोंदवही ठेवायची आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये मुदत घातल्यावर अनेक ठिकाणी या नोंदवह्या घाईत उरकल्या गेल्या. बाहेरची कंपनी उद्या आपल्या शिवारातल्या झाडातून काही घेऊन गेली, तर लाभातला वाटा मागायला गावाकडे नोंद हवी. दिग्रस तालुक्यातल्या समित्यांनी निदान जुन्या औषधी झाडांची जागा, वय आणि वापर एवढे तरी नीट लिहून ठेवावे. बुरशी वेगळी करण्याचे प्राथमिक काम महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही होते. पान धुऊन, स्पिरिट आणि ब्लीचने वरचे जंतू मारून, त्याचे तुकडे बटाट्याच्या अर्काच्या अगारवर ठेवायचे आणि काही दिवस वाट पाहायची. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी दरवर्षी दोन झाडे जरी घेतली, तरी पाच वर्षांत दहा झाडांची माहिती तालुक्याकडे असेल.

शेवटी घरातल्यांसाठी एक सूचना. जिवंत पानात राहणारी बुरशी वेगळी आणि साठवलेल्या गुळवेलीवर, हिरड्या-बेहड्यावर किंवा शेंगदाण्यावर ओलीने चढणारी बुरशी वेगळी. दुसऱ्या प्रकारातल्या काही बुरशी यकृताला घातक विष तयार करतात आणि ते विष उकळल्याने जात नाही. बुरशी चढलेले औषध पुसून, वाळवून वापरू नका. सरळ फेकून द्या. औषधी बुरशीचा शोध प्रयोगशाळेत होऊ द्यावा. आपल्या हाती आहे ते झाड राखण्याचे काम.