आईचं गाणं आईच्या नावावर

आईवरची मराठी गाणी आणि पुस्तकं आठवून पाहा. यशवंतांची 'आई' आठवेल, माधव ज्युलियनांची कविता आठवेल, आणि 'श्यामची आई' तर आठवेलच. साने गुरुजींनी ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहून काढली. अत्रे यांनी १९५३ मध्ये तिच्यावर सिनेमा काढला आणि त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. आता सांगा, यांतलं आईने स्वतः लिहिलेलं कोणतं?

सगळं लेकांनी लिहिलेलं आहे. त्याबद्दल लेकांना नावं ठेवायची नाहीत. रडू मलाही येतं. पण लेकाच्या कवितेतली आई कायम लेकाकडेच तोंड करून बसलेली असते. तिची कंबर दुखते ते त्याला दिसतं, पण कोणाचा राग आल्यावर ती दुखणं काढून बसते, ते दिसत नाही. त्या रात्री तिचं नवऱ्याशी काय झालं, तिसरं मूल तिला हवं होतं की नको होतं, हे लेकाला ठाऊक असायचं कारण नाही. ते तिनेच सांगायला हवं. आणि ती सांगायला लागली की आपण म्हणतो, घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला?

मी तुमसरला गायन-वादनाचा क्लास चालवते. समोरच्या रस्त्यावरून धानाचे ट्रक बाजार समितीकडे जातात, त्यामुळे हंगामात आमचा षड्ज हॉर्नच्या मेहेरबानीवर असतो. मुली गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसतात. प्रवेशिका पूर्ण झाली की घरात स्थळांच्या गोष्टी सुरू होतात आणि मध्यमा होईतो पोरगी सासरी गेलेली असते. बायोडाट्यात 'गायनाच्या परीक्षा उत्तीर्ण' ही ओळ ठळक छापलेली असते. लग्न झालं की पेटी आलमारीवर चढते. हळदीकुंकवाला कोणी आग्रह केला तर एक भक्तिगीत, तेही सासूबाईंच्या आवडीचं. विशारदपर्यंत पोचलेल्या माझ्या मुली हाताच्या बोटांवर मोजाव्या लागतील. ज्या पोचल्या, त्यांच्या नवऱ्यांना पोळ्या लाटता येतात, हा योगायोग मी कधीच मानला नाही.

यांतलीच एक आता पुण्यात नोकरी करते. तिला लहान लेकरू आहे. मध्यंतरी तिने मला एका अमेरिकन बाईचा अल्बम पाठवला. 'मॅडम, आवाजाकडे नका पाहू, काय सांगते ते ऐका' असं आधीच बजावून.

बाई म्हणजे लिझ फेअर. शिकागोची. स्वतः लिहिते, स्वतः चाल लावते, गिटार घेऊन स्वतःच गाते. मोठ्या कंपन्यांच्या तालावर न नाचता केलेल्या अशा रॉकला तिकडे इंडी म्हणतात. १९९३ साली तिचा पहिला अल्बम आला, 'एक्झाइल इन गायव्हिल'. पोरांच्या गावात राहणाऱ्या पोरीने पोरांना सुनावलेली अठरा गाणी. बोलणं इतकं उघडं की ऐकणाऱ्याचे कान तापावेत. पुढच्याच वर्षी दुसरा अल्बम आला. १९९५ मध्ये तिचं लग्न झालं, १९९६ मध्ये मुलगा झाला, आणि तिसरा अल्बम यायला १९९८ उजाडलं. नाव 'व्हाइटचॉकलेटस्पेसएग', एका श्वासात म्हणायचं. मधली चार वर्षं कुठे गेली, हे कोणत्याही लेकुरवाळीला विचारायची गरज नाही.

तिचा आवाज तयारीचा नाही. सूर काठावर लागतो, अर्धं गाणं बोलल्यासारखं जातं. माझ्या क्लासात तिला प्रारंभिकला पुन्हा बसवलं असतं. इंग्रजी मला सगळं कळत नाही, पुण्याच्या पोरीने फोनवर ओळीओळीने सांगितलं. तिथे अंगाई नाही. एका गाण्यात मूल झाल्यावर नवरा-बायकोत पडलेलं अंतर आहे. रडणं नाही, आरोप नाही, पाणी चढतंय हे काठावर उभं राहून पाहावं तसं. दुसऱ्यात लेक आईला आपल्या नव्या माणसाबद्दल सांगते आणि आई उत्तर देते. म्हणजे जी बाई काल फक्त लेक होती, ती आता दोन्ही बाजूंनी बोलू शकते. हे लग्नाआधी तिला जमलं नसतं. लग्न झालं, मूल झालं म्हणून तिचं गाणं आटलं नाही, त्याला नवा ऐवज मिळाला.

यावर कोणी म्हणेल, अमेरिकेच्या गोष्टी तुमसरला कशाला? तर हा ऐवज आपल्याकडे त्यांच्या कितीतरी आधीचा आहे. जात्यावर बसलेल्या बाईने दुसरं काय केलं? हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावी फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. आज त्या 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संग्रहात आहेत. त्यात सासर आहे, माहेर आहे, लेकीच्या जन्मावर नाक मुरडणारं घर आहे, मारणारा नवरा आहे. मला त्या कामातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती म्हणजे ओवीखाली गाणारीचं नाव आणि तिचं गाव लिहिलेलं आहे. नाहीतर अशा गाण्यापुढे आपण 'पारंपरिक' असं छापून मोकळे होतो. परंपरेला काय तोंड असतं? कोण्या एका माउलीने पहाटे ते पहिल्यांदा म्हटलेलं असतं.

आणि बहिणाबाई चौधरी. तेराव्या वर्षी लग्न, ऐन उमेदीत वैधव्य, तीन लेकरं, शेती आणि अक्षराची ओळख नाही. चुलीपाशी आणि शेतात गाणी होत राहिली आणि मुलगा सोपानदेव आणि घरातल्या मंडळींनी त्यांतली काही टिपून ठेवली. बहिणाबाई गेल्या ३ डिसेंबर १९५१ ला. 'बहिणाबाईंची गाणी' आलं १९५२ मध्ये, अत्रे यांच्या प्रस्तावनेसह. 'श्यामची आई' पडद्यावर आणणारे अत्रे ते हेच. सोपानदेवांचे उपकार मोठे आहेत, ते स्वतः कवी होते म्हणून तर त्यांना हे सोनं ओळखता आलं. पण ज्या घरात कवी जन्मला नाही, तिथल्या बहिणाबाईचं काय झालं असेल? आज बहिणाबाई चौधरींच्या नावाचं विद्यापीठ आहे, आणि त्यांनी स्वतःचं पुस्तक हातात धरलं नाही. आपलं आईच्या गाण्याशी असलेलं नातं यात पुरतं आलं.

स्वतःच्या नावावर गाणारी कोणीच नव्हती असंही नाही. सांगलीच्या संजीवनी मराठे कविसंमेलनात आपली कविता आपल्याच चालीत गाऊन म्हणायच्या आणि लोक त्यासाठी गर्दी करायचे. त्यांच्या एका संग्रहाचं नावच 'संसार' आहे. आज किती जणींना ते माहीत आहे, हे विचारायला नको.

आता आमच्या झाडीपट्टीत या. भाद्रपदाच्या पौर्णिमेला भुलाबाई बसते आणि कोजागिरीला उठते. महिनाभर पोरी घरोघरी गाणी म्हणत फिरतात, निदान आम्ही फिरायचो. आता नवरात्रातल्या गरब्याच्या स्पीकरपुढे भुलाबाईचा आवाज पोचत नाही. त्या गाण्यांत सगळा संसार आहे. सासूची कुरबूर, माहेरचा मुराळी, डोहाळे, बाळंतपण, पाळणा. आणि ती गातं कोण? दहा-बारा वर्षांच्या पोरी, ज्यांना सासर म्हणजे काय ते ठाऊक नाही. लग्न झालं की भुलाबाई संपली. जेव्हा खरोखर सांगण्यासारखं काही साचतं, नेमकं तेव्हाच गाणं बंद. इतकी उलटी व्यवस्था कोणी मुद्दाम केली असती तर त्याला हुशार म्हटलं असतं.

एक जागा मात्र उरली होती, रोवणीची. आषाढात बांधीतल्या चिखलात ओळीने वाकलेल्या बाया पऱ्हे लावताना गातात. तिथे कोणी सासू ऐकायला नसते, असली तरी ती शेजारीच वाकलेली असते आणि तिलाही तिच्या सासूबद्दल बोलायचं असतं. बावनथडीच्या बाजूच्या एका गावात मी अशी गाणी ऐकली आहेत. मराठी, झाडीबोली, पोवारी आणि हिंदी एकाच कडव्यात, आणि एका बाईने कालच्या भांडणाची ओळ त्याच क्षणी जुन्या चालीत घातलेली. ती ओळ दुसऱ्या दिवशी कोणाला आठवतही नसेल. आता ठेक्याने रोवणी करणाऱ्या टोळ्यांत कमरेच्या पिशवीतला मोबाइल वाजत असतो. पाठ तेवढीच दुखते, गाणं दुसऱ्याचं.

माझ्या क्लासात परवा-परवा परत आलेली एक मुलगी आहे. नवरा डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीज खाणीत शिफ्टने जातो. मांडीवर पोर घेऊन ती यमन घोटते आणि पोर पेटीच्या पट्ट्या दाबून आमचा वादी-संवादी बदलून टाकतं. तिने एक गाणं रचलंय. रात्रपाळी करून नवरा झोपतो तेव्हा घरात कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही, लेकराला रडू द्यायचं नाही, दारावरच्या भाजीवाल्याला हाताने थांबवायचं. सगळं घर असं दाबून धरलेलं, आणि ते धरणारीचा दिवस कधी, रात्र कधी, हे कोणी विचारत नाही. चाल तिने भुलाबाईची घेतली आहे, थोडी लांबवून. तिसऱ्या कडव्यात ती लेकरावर चिडते. 'हे कडवं गाळू का मॅडम?' तिने विचारलं. मी नाही म्हटलं. तेच तर गाणं आहे.

तिच्या सासूबाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, 'हे का गाणं होय? हे तर रोजचंच आहे.' मला वाटतं, एवढी नेमकी समीक्षा मोठमोठ्यांना जमत नाही.

आपल्याला आईचं गाणं गोड हवं असतं. मायेने ओथंबलेलं, डोळ्यांत पाणी आणणारं. मदर्स डेला रील टाकायची तर मागे उसनं गाणं लावायचं, बहुतेकदा पुरुषाने लिहिलेलं. स्वतःचं लेकरू, स्वतःचा चेहरा आणि शब्द मात्र भाड्याचे. माया खरी आहे, तिच्याबद्दल वाद नाही. पण कंटाळाही खरा आहे, चीडही खरी आहे, आणि लेकरू झोपल्यावर दहा मिनिटं नुसतं भिंतीकडे पाहत बसण्यातलं सुखही खरं आहे. हे सगळं एका बाईच्या गळ्यातून यायला हवं, आणि ती हयात असताना. तिचा मुलगा मोठा होऊन कवी निघेल याची वाट पाहत बसणं फार धोक्याचं आहे.

यासाठी स्टुडिओ लागत नाही. जी गाणी रोवणीत, लग्नात, पाळण्यापाशी होतात ती मोबाइलवर घ्या, आणि गाणारीचं नाव, गाव, तारीख त्याला जोडा. शाळांच्या, मंडळांच्या भुलाबाई स्पर्धा होतात, त्यात लग्न झालेल्यांची एक फेरी ठेवा आणि अट घाला की गाणं स्वतः रचलेलं पाहिजे. पत्रिकेवर पाहुण्यांची नावं जेवढ्या टायपात छापता, तेवढ्याच टायपात गाणारीचं नाव छापा. तिला मानधन द्या. बँडवाल्याला देतो, डीजेला देतो, मग हिलाच नुसतं नारळ आणि ब्लाउजपीस का? स्वतः गाणाऱ्या-रचणाऱ्या तरुण पोरांना कॉलेजच्या मंचावर गिटारसकट उभं करतात, ते चांगलंच आहे. त्याच मंचावर कडेवर पोर घेतलेली बाईही शोभेल.

यंदा कोजागिरीला माझ्या अंगणात असा कार्यक्रम ठेवला आहे. फक्त लग्न झालेल्या गातील, आपापलं. लेकरं सांभाळायला नवऱ्यांनी यायचं. आणि भुलाबाईच्या रिवाजाप्रमाणे शेवटी झाकून आणलेला खाऊ ओळखायचा असतो, तो या वेळी पुरुषांनी घरी करून आणायचा आणि बायांनी ओळखायचा. काही घरांतून आत्ताच फोन आलेत. गाण्याबद्दल कोणाची तक्रार नाही, शेव विकतची चालेल का एवढंच विचारतात.