विश्लेषण : लक्ष्मी रस्ता बंद केला, तर गाड्या जातील कुठे?

दर ११ डिसेंबरला पुण्यातील लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा भाग वाहनांसाठी बंद होतो. महापालिकेने २०२१ मध्ये सुरू केलेला हा ‘पादचारी दिन’. सजावट होते, कार्यक्रम होतात, लोक रस्त्याच्या मधोमध उभे राहून फोटो काढतात. दुसऱ्या दिवशी हॉर्न पुन्हा सुरू. हा रस्ता कायमचा पादचाऱ्यांना द्यावा का, हा खरा प्रश्न. तो निघाला की पहिला आक्षेप ठरलेला असतो : मग सगळी कोंडी केळकर रस्त्यावर, बाजीराव रस्त्यावर येणार.

आक्षेप कितपत खरा?

पहिल्या काही आठवड्यांपुरता खरा. लक्ष्मी रस्ता अलका चौकाच्या दिशेने एकेरी आहे आणि त्याला समांतर, त्याच दिशेचा रुंद पर्याय पेठांमध्ये नाही. त्यामुळे सुरुवातीला आजूबाजूला त्रास होणारच आणि तो प्रशासनाने लपवू नये.

पण वाहतूक म्हणजे नळाचे पाणी नव्हे, की एक तोटी बंद केली म्हणून तेवढेच दुसरीकडून वाहील. रस्ता बंद आहे हे ठाऊक झाले की कोणी वेळ बदलतो, कोणी लांबून जातो, कोणी दोन कामे एका फेरीत उरकतो, कोणी गाडी घरीच ठेवतो. केर्न्स, अ‍ॅटकिन्स आणि गुडविन या ब्रिटिश अभ्यासकांनी २००२ मध्ये ११ देशांतील ७०हून अधिक उदाहरणे तपासली. निम्म्या ठिकाणी आधीच्या वाहनांपैकी ११ टक्क्यांहून अधिक वाहने नंतर आजूबाजूच्या रस्त्यांवरही सापडली नाहीत. काही ठिकाणी मात्र फारसा फरक पडला नाही, हेही त्याच अभ्यासात आहे.

पुणेकरांना हे नवे नाही. विसर्जन मिरवणुकीत हाच रस्ता २४ तासांहून अधिक काळ बंद असतो. शहर ठप्प होत नाही, कारण तारीख सगळ्यांना माहीत असते आणि त्या दिवशी कोणी दुचाकी घेऊन साडी आणायला निघत नाही. (सुट्टी असते, हा फरक मान्य.) एका दिवसाच्या पादचारी दिनातून मात्र काहीच सिद्ध होत नाही. सवय एका दिवसात बदलत नसते.

दिल्लीत काय झाले?

चांदनी चौकाचा लाल किल्ला ते फतेहपुरी मशीद हा सुमारे १.३ किलोमीटरचा पट्टा नव्याने बांधून सप्टेंबर २०२१ मध्ये खुला झाला. सकाळी ९ ते रात्री ९ मोटारवाहनांना बंदी. दगडी फरसबंदी झाली, लोंबकळणाऱ्या तारांचे जंजाळ जमिनीखाली गेले आणि गर्दी वाढली. पण पहारा ढिला पडला तशा दुचाकी पुन्हा घुसल्या, पदपथ अडवले गेले. बांधकामाला पैसा मिळाला, रोजच्या राखणीला नाही. लक्ष्मी रस्त्यावर तेच होण्याची भीती मला कोंडीपेक्षा जास्त वाटते.

व्यापाऱ्यांचे काय?

त्यांची भीती खोटी ठरवण्यात अर्थ नाही. लग्नाचा बस्ता बांधायला गावाहून आलेले कुटुंब पिशव्या घेऊन किती चालणार? पण आज तरी त्यांना दुकानासमोर गाडी लावायला जागा मिळते का? पी-१, पी-२च्या पाट्यांखालची जागा सकाळीच भरते. तिथे दिवसभर उभ्या असलेल्या दुचाकी गिऱ्हाइकांच्याच असतात की दुकानांत काम करणाऱ्यांच्या, हे व्यापाऱ्यांनीच एकदा मोजून पाहावे.

सप्टेंबर २०२४ पासून मंडई आणि कसबा पेठ ही भुयारी मेट्रो स्थानके सुरू आहेत. मंडईहून लक्ष्मी रस्ता चालत गाठता येतो. वाटेतले पदपथ चालण्याजोगे हवेत, एवढीच अट आणि नेमकी तीच पाळली जात नाही. महापालिकेचे पादचारी धोरण २०१६चे, पार्किंग धोरण २०१८चे. अंमलबजावणी वर्षानुवर्षे रखडलेली.

मग सुरुवात कशी करावी?

सलग तीन महिने, रोज सकाळी ११ ते रात्री ९. मालाच्या टेम्पोंना त्याआधी मुभा. वाड्यांतल्या रहिवाशांना पास. रुग्णवाहिका आणि अग्निशमन बंबासाठी मधली मार्गिका कायम मोकळी, तिथे खुर्च्याही नकोत. बंदच्या आधी आणि नंतर आसपासच्या चौकांतली वाहने मोजून आकडे दर आठवड्याला जाहीर करावेत. तिसऱ्या महिन्यातही केळकर रस्ता तुंबलेला दिसला, तर बॅरिकेड काढून घ्यावेत.