भिंगारच्या मुलांना शर्यती हव्यात

सप्टेंबर २०२४. झुरिकमध्ये पाऊस कोसळत होता आणि ज्युनिअर गटाच्या जागतिक रोड सायकल शर्यतीत जिनोआचा लोरेन्झो फिन सगळ्यांना मागे टाकून एकटाच अंतिम रेषेवर पोहोचला. वय १७. पुढच्याच वर्षी किगालीत त्याने २३ वर्षांखालील गटाचं जगज्जेतेपदही जिंकलं, तेही एकट्याने मुसंडी मारून.

अशी मुलं अचानक उगवत नाहीत. इटलीत सातव्या वर्षापासून सायकलपटूंचे वयोगट पडतात: ७ ते १२, मग १३-१४, १५-१६, १७-१८. प्रत्येक गटाच्या वेगळ्या शर्यती असतात आणि त्यांच्यामागे गावोगावचे क्लब उभे असतात. जगज्जेता झाल्यावरही फिनला २०२५ मध्ये रेड बुल-बोरा-हान्सग्रोहे या व्यावसायिक संघाने थेट मुख्य संघात ओढलं नाही, तर २३ वर्षांखालील संघात ठेवलं.

त्याच मुख्य संघातला जुलिओ पेलिझारी हे दुसरं उदाहरण. २०२४ च्या जिरोमध्ये, म्हणजे इटलीच्या अनेक टप्प्यांच्या मोठ्या शर्यतीत, मोंते पानाच्या चढावर तो आघाडीवर होता. अंतिम रेषा जवळ आल्यावर एकूण क्रमवारीत पहिल्या असलेल्या तादेय पोगाचारने त्याला गाठलं, मागे टाकलं आणि तो टप्पा संपल्यावर अव्वल सायकलपटूची आपली गुलाबी जर्सी त्याला भेट दिली. पेलिझारी तेव्हा २० वर्षांचा होता. २०२५ मध्ये तो जिरो आणि स्पेनची वुएल्ता या दोन्ही शर्यतींत सहावा आला, शिवाय वुएल्तात एक टप्पाही जिंकला.

पुढच्या चाकाच्या आडोशाने वारा कसा चुकवायचा, घोळक्यात जागा कशी राखायची, दम कधी राखायचा आणि कधी उधळायचा, हे एकट्याने कितीही किलोमीटर मारून कळत नाही. त्यासाठी शर्यतीत उतरावं लागतं आणि बऱ्याचदा हरावंही लागतं.

महाराष्ट्राला हा खेळ परका नाही. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. संगमनेरच्या प्रणिता सोमणने माउंटन बाइकमध्ये नगर जिल्ह्याचं नाव देशभर नेलं, तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या पूजा दानोळेने २०२० च्या गुवाहाटी खेलो इंडियात सुवर्णपदकं जिंकली. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर या सायकल शर्यतीच्या निमित्ताने परदेशी संघ सह्याद्रीच्या रस्त्यांवर ४३७ किलोमीटर धावले. त्यासाठी रस्ते दुरुस्त झाले, वाहतूक थांबली. म्हणजे ठरवलं तर इथे हे होतं.

मग नगर शहराला लागून असलेल्या, पुण्याहून १२० किलोमीटरवरच्या भिंगारमध्ये का होऊ नये? इथून पाथर्डी रस्त्याने निघालं की चांदबिबी महालाचा चढ लागतो, आणखी पुढे करंजी घाट. सरावाला याहून चांगला रस्ता शोधूनही सापडणार नाही. पण हा राष्ट्रीय महामार्ग आहे. ट्रक आणि एसटीच्या गर्दीत १५ वर्षांच्या मुलीला सायकल घेऊन पाठवताना आईवडिलांचा जीव टांगणीला लागतो, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

जिल्हा प्रशासन, कॅन्टोन्मेंट बोर्ड आणि लष्कराच्या इथल्या संस्था एकत्र आल्या तर महिन्यातल्या एका रविवारी पहाटे दोन तास ठरावीक रस्ता वाहनांसाठी बंद ठेवणं अवघड नाही. १४, १६ आणि १८ वर्षांखालील मुला-मुलींच्या वेगळ्या शर्यती घ्याव्यात. हेल्मेट सक्तीचं असावं, रुग्णवाहिका उभी असावी आणि प्रत्येकाच्या वेळेची लेखी नोंद राहावी. साध्या सायकलींसाठीही एक गट हवा, कारण रेसिंग सायकलची किंमत ऐकूनच अनेक घरं माघार घेतात. पुणे ग्रँड टूरच्या पुढच्या आयोजनाआधी अशा सहा शर्यती झाल्या, तरी जिल्ह्यात कोणाच्या पायांत काय आहे याची पहिली यादी हातात येईल.