मेसेज गेला, पण पोचला का?

मागच्या शुक्रवारी संध्याकाळची हुतात्मा पकडून सोलापूरला घरी गेलो. शनिवारी सकाळी चहा घेऊन पायरीवर बसलो होतो. मागच्या खोलीतल्या वहिनी बाळाला झोपवून दारात विड्या वळत होत्या. आमच्या पूर्व भागात हे घरोघरचंच. घरात तेलुगू, बाहेर मराठी, नवरा पॉवरलूमवर.

आईने सहज विचारलं, "बाळाचं दहा आठवड्याचं इंजेक्शन झालं का गं?"

झालं नव्हतं. आधीच्या इंजेक्शननंतर ताप आला, वहिनी घाबरल्या. आठवणीचा मेसेज नाही आला? तर म्हणाल्या, "येतंय की. ह्यांच्या फोनवर येतंय. ते दिवसभर मशीनवर असतेत. आणि मला कुठं इंग्लिश वाचता येतंय?"

मी एकदम गप्प झालो. कारण मी ऑफिसात असल्याच गोष्टी बनवतो. त्या मेसेजपुढे आमच्या स्क्रीनवर 'डिलिव्हर्ड' दिसलं असतं आणि आम्ही खूश झालो असतो.

पेंटाव्हॅलेंटचे डोस ६, १० आणि १४ आठवड्यांना असतात. नंतर थोडा ताप येऊ शकतो, बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो. वहिनींना तारीख माहीत होती. हवी होती ती ही तापाची माहिती, आणि तीच त्यांच्यापर्यंत आली नाही.

माझे मित्र लगेच म्हणतील, सोपं आहे, एक अ‍ॅप काढू. अरे बाबांनो, वहिनींकडे साधा बटणांचा फोन आहे! त्यावर अ‍ॅप चालत नाही, पण फोन वाजतो. केंद्र सरकारची 'किलकारी' सेवा ह्याच साध्या गोष्टीवर उभी आहे. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत दर आठवड्याला एक, असे ७२ ध्वनिसंदेश. सुरुवात २०१६ ची, महाराष्ट्रात आली फेब्रुवारी २०२४ मध्ये. त्याही आधी मुंबईत डॉ. अपर्णा हेगडे यांच्या 'अरमान' संस्थेने 'एममित्र' सुरू केलं. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे कॉल कुठल्या भाषेत आणि कुठल्या वेळेला हवा, हे बाईलाच विचारलं जायचं.

माझं म्हणणं एवढंच आहे. नोंदणीच्या वेळी नंबर लिहून घेतानाच तीन प्रश्न विचारा. हा फोन दिवसा कोणाजवळ असतो? भाषा कुठली समजते? किती वाजता मोकळ्या असता? आणि शंका आली तर विचारायला एका माणसाचा नंबर द्या, आशाताईंचा किंवा सिस्टरांचा. रेकॉर्ड केलेला आवाज कितीही गोड असला तरी "ताप आला, आता काय करू?" ह्याला तो उत्तर देत नाही.

असो. सोमवारी आई वहिनींना घेऊन केंद्रावर गेली. सिस्टरांनी तेलुगूतच समजावलं की उशीर झाला तरी चालेल, पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, राहिलेले डोस घ्यायचे. बाळाला इंजेक्शन मिळालं. रात्री आईचा फोन आला, "थोडा ताप आहे, पण ह्या वेळी ती घाबरली नाही."

नोंदणीतला नंबरही आता वहिनींचा आहे. बदलायला जेमतेम एक मिनिट लागलं म्हणे. तुमच्या घरात, शेजारी तान्हं बाळ असेल तर एकदा विचारून बघा, कार्डावर नंबर कोणाचा लिहिलाय?