रेसिंगला आधी फ्रेम, मग फोर-के

करोल बागेतल्या गफार मार्केटात ‘फोर-के’ हा शब्द विकायला सोपा. काउंटरवर चित्र थांबवलं की गिऱ्हाईक जवळ जाऊन झाडाचं पान न् पान बघतं. पण रेसिंग गेम थांबलेल्या चित्रावर खेळत नाहीत. ग्रेटर नोएडातलं बुद्ध सर्किट घ्या; पहिली इंडियन ग्रां प्री झाली त्याच वर्षी ते ‘एफ-वन २०११’ या गेममध्ये आलं. तिथे तिसऱ्या आणि चौथ्या वळणांमधली सरळ वाट किलोमीटरभराहून जास्त आहे. तिच्या टोकाला ताशी ३२० किलोमीटर वेग धरला, तर गाडी सेकंदाला ८९ मीटर कापते. ३० फ्रेमवर दोन चित्रांमध्ये ती जवळजवळ ३ मीटर पुढे गेलेली असते, ६० वर दीड, १२० वर पाऊण. ब्रेक चुकतो तो एवढ्याच अंतराने.

आता कार्डाचा हिशेब. फोर-केमध्ये फुल एचडीच्या चौपट पिक्सेल असतात, म्हणजे फोर-के ३० फ्रेमवर आणि फुल एचडी १२० फ्रेमवर सेकंदाला रंगवायचे पिक्सेल सारखेच. निवड आपल्या हातात आहे. २००८ च्या ‘वाइपआउट एचडी’ने ती उघड केली: पडद्यावर गर्दी झाली की आडवं रिझोल्यूशन गुपचूप उतरायचं, ६० फ्रेम सोडायच्या नाहीत.

सिनेमा २४ फ्रेमवर चालतो, मग गेमला एवढ्या कशाला, असं काही जण विचारतात. सिनेमा बघणाऱ्याच्या हातात स्टिअरिंग नसतं, एवढं उत्तर पुरे. दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. दीडशे मीटरवरची मीटरभर रुंद ब्रेकची पाटी फुल एचडीत जेमतेम दहा-बारा पिक्सेलची होते; फोर-केत दुप्पट रुंद, वाचता येण्याजोगी. कबूल. म्हणून रिझोल्यूशन फुल एचडीच्या खाली ढकला असं आम्ही म्हणत नाही. मधला १४४०पी अनेकदा योग्य. शिवाय प्रोसेसरच दमला असेल तर पिक्सेल कमी करून फ्रेम वाढत नाहीत. अशा वेळी बजेट प्रोसेसरकडे वळवावं. आणि डगमगत्या ९० पेक्षा एकसारख्या ६० बऱ्या. मध्येच लांबलेली एक फ्रेम वळणाच्या तोंडाशी हाताला लगेच कळते.

मशीन हातात देण्याआधी एक गोष्ट तपासा. मॉनिटर १४४ हर्ट्‌झचा असूनही विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये तो कित्येकदा ६० वरच राहिलेला असतो.