उसाच्या फडामागे राहिलेली माणसे

दसरा सरला की बालाघाटावरील गावे रिकामी होऊ लागतात. बीड तालुक्यातील नेकनूर व त्याच्या आसपासच्या वाड्या-तांड्यांवरून नवरा-बायकोचे ‘कोयते’ मुकादमाच्या मागून पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे ऊसतोडीला निघतात. पुढचे पाच-सहा महिने घरी उरतात ती म्हातारी माणसे आणि त्यांच्या पदरात टाकलेली नातवंडे. मुलांसाठी निदान हंगामी वसतिगृहांची योजना तरी आहे. ती कशी राबवली जाते हा वेगळा प्रश्न. ज्या आजी-आजोबांच्या हवाली ही मुले केली, त्यांच्याकडे पाहण्याची निकड मात्र राज्यकर्त्यांना भासलेली नाही.

वृद्धाश्रमाचा विषय निघाला की आपल्याकडे संस्कृतीची आठवण होते आणि कृतघ्न मुलाच्या नावाने बोटे मोडली जातात. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यापुढेही बहुधा हाच मुलगा होता. न्यायाधिकरण, दरमहा दहा हजारांपर्यंतचा निर्वाहभत्ता, आईबापांस टाकून दिल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, अशी ती रचना. परंतु ऊसतोड मजुराचा गुन्हा कोणता? त्याने उचल घेतलेली असते. एक दिवस कामावर गेला नाही तर खाडा लागतो. आई अंथरुणाला खिळल्याचा निरोप आला तरी फड सोडणे म्हणजे अंगावरचे कर्ज वाढवणे. या मुलाने आईला टाकलेले नाही. त्यालाच बांधून नेले आहे.

त्याच कायद्याच्या 19 व्या कलमात प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, निदान दीडशे निराधार वृद्धांना सामावणारा आश्रम असावा असे म्हटले आहे. अर्थात सरकार तो काढू ‘शकेल’, इतकेच. काढलाच पाहिजे असे नाही. शिवाय दीडशे खाटांची इमारत जिल्ह्याच्या ठिकाणी उभी राहिली तरी नेकनूरच्या म्हातारीला तिचा काय उपयोग? तिला हवी आहे गावातलीच, दहा-पंधरा माणसांची जागा, जिथे शेजारीण डोकावून जाईल आणि नातू शाळेतून सुटल्यावर तिच्यापाशी येऊन बसेल. दात नसलेल्यासाठी भाकरी दुधात कुस्करून देणारे कोणी असावे, रात्री मोरीकडे जाताना हात धरणारे कोणी असावे, रक्तदाबाच्या गोळ्या संपण्यापूर्वी त्या आणणारे कोणी असावे. आणि उन्हाळ्यात टोळ्या परतल्या की तिने आपल्या घरी जावे. हे काम गावातील बायका उत्तम करतील. पण त्यास ‘सेवा’ म्हणून तुटपुंज्या मानधनावर राबवून घेण्याची जी सरकारी खोड आशा व अंगणवाडी कर्मचाऱ्यांना भोवली, ती येथे नको. किमान वेतन हवेच.

पैसा कोठून आणायचा, असे विचारले जाईल. श्रावणबाळ योजनेत 65 वर्षांवरील वृद्धाला महिना 1500 रुपये मिळतात, तेही कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असेल तर. महिन्याला 1750 रुपयांत कुटुंब चालते असे मानणाऱ्याने बाजारात कधी पिशवी धरली नसावी! केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेत ऐंशी वर्षांपर्यंत केंद्राचा वाटा 200 रुपयांचा. किमान वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन सर्व श्रमिकांना द्या, ही बाबा आढाव आणि पेन्शन परिषदेची मागणी म्हणूनच आजही उभी आहे. 1969 च्या माथाडी कायद्याने हमालाला भविष्यनिर्वाह निधी मिळवून दिला. तीस-तीस हंगाम मोळ्या वाहिलेल्या ऊसतोड्याला कंबरदुखीवाचून काय मिळाले?

ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे 10 रुपये घेण्याचे ठरलेले आहे. ही साखर ज्यांच्या तारुण्यावर पिकली, त्यांच्या म्हातारपणाचा त्यावर पहिला हक्क आहे. त्यातून हंगामापुरती ही छोटी घरे चालवावीत, अशी आमची मागणी आहे. नेकनूर परिसरातील कार्यकर्त्यांनी येत्या गाळपाची वाट न पाहता टोळ्या गावात आहेत तोवरच घरोघर जाऊन मागे एकटे कोण राहणार, त्यांना काय आजार आहेत, श्रावणबाळचे पैसे मिळतात की अर्ज तहसिलीत पडून आहे, याची यादी करावी. ती यादी हातात घेऊनच बीडला जिल्हाधिकाऱ्यांकडे जायचे आहे.