नजर यंत्रावर हवी, बाईवर नको

बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे २००१ साली ८९४ मुली होत्या. २०११ च्या जनगणनेत त्या ८०७ उरल्या; राज्यातला सर्वांत खालचा आकडा. मे २०१२ मध्ये परळीत डॉ. सुदाम मुंडे यांच्या दवाखान्यात गर्भपात करताना एका बाईचा जीव गेला आणि या आकड्यामागचा व्यवहार उघडा पडला. २०१९ मध्ये न्यायालयाने डॉक्टरांना दहा वर्षांची शिक्षा दिली. तरीही जून २०२२ मध्ये बीड तालुक्यातली एक बाई अवैध गर्भपातात दगावलीच. अशा प्रत्येक मृत्यूनंतर एक मागणी हमखास होते : सोनोग्राफी यंत्रे जिल्हा कार्यालयाच्या संगणकाला जोडा आणि तिथून नजर ठेवा. या मागणीबद्दल स्त्री संघटनांची भूमिका काय असावी?

असा प्रयोग आपल्याच राज्यात झाला आहे. कोल्हापुरात जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या काळात सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ नावाची पेटी बसवण्यात आली. यंत्राच्या पडद्यावर जे दिसते ते ही पेटी साठवते. डॉक्टरांच्या संघटनेने याला आव्हान दिले. पेशंटच्या खाजगीपणाचा मुद्दाही मांडला. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये तो फेटाळला.

या जोडणीचे तंत्र आपणही समजून घेतले पाहिजे, नाहीतर पुरवठादार सांगेल ते खरे मानावे लागेल. दवाखान्यातली पेटी हे जोडणीचे एक टोक आणि कार्यालयातला सर्व्हर हे दुसरे. पेटीने सर्व्हरशी संपर्क साधायचा, आपली ओळख पटवायची, मग माहिती पाठवायची. वीज गेली किंवा रेंज नसली तर माहिती पेटीतच साठून राहिली पाहिजे आणि जोडणी आल्यावर पुढे गेली पाहिजे. ‘मी चालू आहे’ एवढा निरोपही पेटीने ठरावीक वेळाने देत राहायचा असतो. खरी मेख इथे आहे. निरोप थांबला तर वीज गेली आहे की कोणी वायर काढली आहे, हे सर्व्हरला कळत नाही. त्यासाठी माणसाने उठून दवाखान्यात जावे लागते. तो माणूस कोण आणि किती तासांत जाणार, हे ठरलेले नसेल तर ही सगळी खटपट सरकारी खर्चाने बसवलेले बुजगावणे ठरेल.

शिवाय पेटीला चित्र दिसते, डॉक्टरचे बोलणे ऐकू येत नाही. ‘पेढे’ की ‘जिलेबी’ हे खुणेनेही सांगता येते. आणि ज्या यंत्राची नोंदणीच नाही, जे पिशवीत घालून खोलीवर नेले जाते, ते कोणत्याच सर्व्हरला जोडलेले नसते. कोल्हापुरात मुलींचे प्रमाण ८३९ वरून ८६३ झाले याचे श्रेय पेटीला दिले जाते. पण २०११ च्या जनगणनेत मोजलेली बहुतेक मुले पेटी येण्याआधीच जन्मलेली होती. साताऱ्याच्या लेक लाडकी अभियानाने डॉक्टरांना पकडून दिले ते गर्भवती बायांच्या धाडसामुळे. त्यांची जागा कोणतेही यंत्र घेऊ शकत नाही.

तरी पेटी नकोच असे माझे म्हणणे नाही. नजर कोणावर, हा माझा प्रश्न आहे. ‘एफ’ फॉर्ममध्ये बाईचे नाव, पत्ता, तिला किती मुलगे आणि किती मुली, हे सगळे असते. ते सर्व्हरवर एकत्र आले की दोन मुली असलेली प्रत्येक गर्भवती संशयित ठरवणे एका बटणाचे काम होते. आपल्या जिल्ह्यातल्या हजारो बाया दसऱ्यानंतर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. इथे नोंद झालेली गर्भवती पुढच्या महिन्यात यादीत सापडली नाही, तर तिच्या घरी आशाताईला पाठवायचे का? आणि जिने स्वतःच्या कारणासाठी कायदेशीर गर्भपात केला, तिला जाब विचारायचा का? गर्भपाताच्या कायद्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीने तिचे नाव गुप्त ठेवण्याचे बंधन घातले आहे. म्हणूनच आपण ‘भ्रूणहत्या’ न म्हणता ‘लिंगनिवड’ म्हणतो. गुन्हा लिंग सांगण्याचा आणि निवडण्याचा आहे. गर्भपात हा बाईचा हक्क आहे.

तेव्हा आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. दूरवरून पाहायचे ते यंत्राला : त्याचा क्रमांक, नोंदणी, जागा, चालू-बंदच्या वेळा. चित्रासोबत बाईचे नाव जाऊ नये. माहिती सांकेतिक रूपातच जावी आणि किल्ली पुरवठादाराकडे नव्हे, समुचित प्राधिकाऱ्याकडे असावी. कोणी, कधी, काय पाहिले याची नोंद राहावी. कायद्याने दोन वर्षे जपायची माहिती, खटला चालू नसेल तर, पुढे पुसली जावी.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सल्लागार समिती. कायद्यानुसार तिच्यात तीन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांतला निदान एक प्रतिनिधी स्त्री संघटनेचा असतो, आणि दोन बैठकांत साठ दिवसांहून जास्त अंतर चालत नाही. गप्प झालेल्या पेट्यांची यादी प्रत्येक बैठकीत या समितीपुढे आलीच पाहिजे. १९८८ मध्ये देशातला पहिला लिंगनिदानविरोधी कायदा महाराष्ट्रात झाला तो चळवळीच्या रेट्यामुळे. त्याची अंमलबजावणी संगणकावर सोपवून आपल्याला घरी बसता येणार नाही. आपल्या तालुक्यात समितीवर कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली, हे या तिमाहीत प्रत्येक गटाने लेखी अर्ज देऊन विचारावे.